हेव्याचं बावखल आणि करंजवाळीची माडफेरी

खाडीचा पूल ओलांडून रिक्षा करंजवाळीत शिरली की दोन्ही बाजूंना उंच इमारती लागतात. त्या संपतात तिथे जुनी माडांची वाडी अजून तग धरून आहे. या वाडीच्या मधोमध एक अरुंद, लांबच लांब बावखल, म्हणजे खणलेलं तळं, आहे. बाकीच्या बावखलांसारखं ते गोल नाही. नांगराच्या तासासारखं सरळ जातं. आसपासच्या विहिरींना मचूळ पाणी, याचं मात्र गोड. याला म्हणतात हेव्याचं बावखल.

चैत्र अष्टमीच्या संध्याकाळी शहरातून पुष्कळ मंडळी इथे येतात. बाटलीतली भेसळ पिऊन कंटाळलेली, खरी माडी शोधणारी. एका दारातून दुसऱ्या दारात, प्रत्येक ठिकाणी करवंटीभर, अशी ही माडफेरी चालते. फेरी अनंता मेहेरांच्या अंगणात आली की कोणीतरी बावखलाचं नाव ऐकून हसतं, आणि म्हातारा अनंता हातातली सुरई खाली ठेवून सांगायला बसतो.

फार पूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. या वाडीत धर्माजी राऊत नावाचा भंडारी राहत होता. माड चढण्यात आणि माडीसाठी पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, छेदण्यात त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता, असं सांगतात. माडफेरी तेव्हाही होती, पण तिची रीत वेगळी होती. देवजी तांडेल नावाचा म्हातारा फेरीच्या पुढे चालायचा. त्याच्या जिभेला सगळा गाव मान द्यायचा. तो दारोदारची माडी चाखायचा आणि ज्या घरी त्याने करवंटी पालथी घातली त्या घरी फेरी थांबायची. मग वर्षभर वाघजाई देवीला पहिली माडी त्या घरची. कितीतरी वर्षं करवंटी धर्माजीच्याच ओट्यावर पालथी पडत होती, आणि ती तशीच पडणार याबद्दल धर्माजीच्या मनात शंका नव्हती.

शेजारी गणू मेहेर राहायचा. धर्माजीचा लहानपणापासूनचा सोबती. एका पावसाळ्यात माडावरून त्याचा पाय निसटला आणि तो गेला. मागे राहिली त्याची बायको वेसू. लोकांना वाटलं, ती आता माहेरी जाईल. पण तेराव्यानंतर वेसूने कासोटा घट्ट मारला, नवऱ्याचा कोयता कमरेला लावला आणि ती माडावर चढली. वाडीने तोंडात बोटं घातली. बाईमाणूस माडावर! धर्माजी तर हसला. "दोन दिवसांत खाली येईल," म्हणाला.

ती खाली आली नाही. रस यावा म्हणून पोयीला लाकडाने हलके ठोके द्यावे लागतात. धर्माजी पहाटे आपल्या माडावर असला की पलीकडून वेसूचे ठोके ऐकू यायचे. सुरुवातीला ते चाचपडत पडायचे. हळूहळू त्यांना लय आली. एक दिवस धर्माजीच्या ध्यानात आलं, की आपण आपलं काम थांबवून तिचे ठोके ऐकतो आहोत. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

त्या चैत्रात फेरी धर्माजीकडे आली. देवजीने चाखली, मान डोलावली, आणि करवंटी उताणीच हातात धरून तो पुढे निघाला. धर्माजीला वाटलं, म्हातारा विसरला. पण शेजारच्या ओट्यावर, वेसूच्या दारात, त्याने करवंटी पालथी घातली. लोकांनी आरोळी ठोकली. धर्माजी आपल्या उंबऱ्यात उभा राहून ती आरोळी ऐकत होता. त्याची बायको मैना म्हणाली, "आपणही जाऊ या की. गणूभावोजींचं घर आहे." त्याने आतून कडी घातली.

मग त्याने बोलायला सुरुवात केली. आधी नाक्यावर, मग बंदरावर. "ती माडीत धोत्र्याचं बी घालते. म्हणून जीभ बांधली जाते. नाहीतर काल चढलेल्या बाईच्या हाताला अशी चव येते होय?"

बोलणं वाढलं तसं देवजीने दोघांना वाघजाईपुढे उभं केलं. वेसूने देवीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मी काही घातलं असेल तर माझे माड आटोत." एवढंच. तिने धर्माजीचं नावही घेतलं नाही. तेच त्याला झोंबलं. तो पुढे झाला आणि सगळ्यांच्या देखत गरजला, "आणि मी खोटं बोलत असेन तर माझे आटोत!"

दुसऱ्या दिवशी तो माडावर चढला तर मडकं कोरडं. दुसऱ्या माडावर तेच. पोय ओली, हिरवी, छेद ताजा, पण थेंब नाही. साऱ्या वाडीतले त्याचे माड एका रात्रीत मुके झाले, असं म्हणतात.

लोक त्याला टोचून बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण कोणी काही बोललं नाही. समोर दिसला की नजर खाली करायचे, हळू आवाजात "कसं चाललंय?" विचारायचे. कुंपणापलीकडून वेसूचे ठोके मात्र रोज येत होते. ते ऐकता ऐकता धर्माजीच्या मनाने घेतलं, की हिच्या माडांची मुळं कुंपणाखालून आपल्या वाडीत आली आहेत आणि आपल्या माडांचं पाणी ओढून घेत आहेत. देवीबिवी काही नाही, ही चोरी आहे.

त्याने कुदळ घेतली आणि कुंपणाच्या कडेने चर खणायला लागला. मुळं तोडायची, एवढंच त्याच्या डोक्यात. पावसाळा गेला, हिवाळा गेला, तो खणतच होता. मैना भाकरी घेऊन काठावर बसून राहायची. "पुरे करा हो," म्हणायची. तो वर बघायचासुद्धा नाही. चर माणसाच्या कमरेपेक्षा खोल झाला आणि एके दिवशी कुदळीखालून पाणी फुटलं. गोड पाणी. चर भरला, तेच हे बावखल, आणि झालं असं, की त्या पाण्याने वेसूचे काठावरचे माड आणखीच तरारले. धर्माजीचे होते तसेच राहिले.

असा चैत्र पुन्हा आला. फेरीची रीत अशी, की ज्या घरची भांडी रिकामी, त्या दारावरून सगळ्यांनी मुकाट पुढे जायचं. धर्माजीला तो क्षण आपल्या दारात उभं राहून बघायचा नव्हता. उन्हं कलली तसा त्याने कोयता दगडावर घासला. वेसू पुढच्या अंगणात सारवणात गुंतलेली असणार, मागे कोणी नसणार. तो चर ओलांडून गेला आणि तिच्या काठावरच्या सगळ्यात उंच माडावर चढला. हिच्या एकेक माडावर चढायचं आणि सगळ्या पोया बुडातून तोडून टाकायच्या. उद्यापासून दोन्ही वाड्या सारख्या.

शेंड्याला पोचून त्याने कोयता उगारला आणि सहज खाली पाहिलं. तिथून त्याचं स्वतःचं अंगण दिसत होतं. मैनाने ओटा सारवला होता, रांगोळी घातली होती. माडी नव्हती तरी तिने सगळी भांडी घासून मांडली होती आणि त्या रिकाम्या भांड्यांशेजारी ती एकटी बसली होती. गल्लीच्या तोंडाशी फेरीचा ढोल वाजू लागला होता.

तेवढ्यात त्याला वेसू दिसली. डोक्यावर भरलेलं मडकं घेऊन ती मागच्या बाजूने आली आणि साडीसकट चरात उतरली. कमरेच्या वर पाणी चढलं. एका हाताने मडकं सावरत ती पलीकडे निघाली आणि मैनाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मैनाने आधी मान हलवली, नको म्हणाली. वेसूने ऐकलं नाही. तिने स्वतःच्या हाताने धर्माजीची भांडी भरली आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

फेरी आली. देवजीने चाखली. मग त्याने करवंटी धर्माजीच्या ओट्यावर पालथी घातली.

"धर्माजीचे माड पाझरले!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळी गल्ली दणाणली.

वर्षभर ज्या आरोळीसाठी तो जळत होता ती आरोळी माडाच्या शेंड्यावर त्याच्या कानी आली. त्याच्या नावाची. गप्प राहिला असता तर सगळं परत मिळत होतं, मान, देवीची पहिली माडी, सगळं. पण अनंता इथे थांबतो आणि सांगतो, की धर्माजी काही त्या क्षणी साधू झाला नाही. त्याचा हेवा तसाच होता, उलट आणखी पेटला. तिच्या हाताची चव, तिची माडी, आणि ती आपल्या नावाने लोकांनी प्यायची, हे त्याला सोसवेना. तिने हरवलं होतं ते एकदा, आणि आता हे दुसऱ्यांदा.

तो सरसर उतरला, चर ओलांडून भिजल्या अंगाने, हातात कोयता, आपल्याच अंगणात येऊन उभा राहिला. लोक म्हणाले, "आलास? ये, ये, पी!"

"ही माझी नाही!" धर्माजी ओरडला. "वेसूची आहे! मागच्या साली होती तीही तिचीच, आणि तिच्यात काही घातलेलं नव्हतं! नाव घ्यायचं तर तिचं घ्या!"

ढोल थांबला. लोक त्याच्या हातातल्या कोयत्याकडे पाहत होते, मग पलीकडच्या माडांकडे. वेसूनेही पाहिलं. तो कुठून आला आणि कशासाठी चढला होता, हे तिला कळायला वेळ लागला नाही. देवजीने पालथी करवंटी उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, तांडेलबाबा," वेसू म्हणाली. "भावोजी, माडी माझी असेल, ओटा तुमचा आहे. फेरी इथे थांबलीय, इथेच थांबू द्या. तुम्ही ओता."

धर्माजीने कोयता खाली ठेवला. त्याने एकेका करवंटीत माडी ओतली, आणि प्रत्येक वेळी म्हणाला, "वेसूची." पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून दगडासारखं पडलं. शेवटी शेवटी जरा सोपं झालं, असं सांगतात.

त्याचे माड पुन्हा पाझरले का? राऊतांची माणसं म्हणतात, पुढच्याच पौर्णिमेला पाझरले. मेहेरांची माणसं म्हणतात, कधीच नाही, तो जन्मभर वेसूचीच माडी ओतत राहिला. यावर दोन्ही घरांचं अजून एकमत नाही.

आजही अष्टमीच्या फेरीत करंजवाळीतला कोणीही स्वतःच्या दारात स्वतःची माडी ओतत नाही. दुपारीच शेजाऱ्याकडून भरून आणायची, आणि पाहुण्याच्या हातात देताना ती ज्याची असेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. अनंताही तसंच करतो. शेजारच्या भास्कर राऊतांशी त्याचं पाण्याच्या पंपावरून बोलणं बंद आहे, तरी तो सुरई उचलतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "भास्करची."

"आणि काका, तुमची कुठे मिळेल?" पाहुणे विचारतात.

"पलीकडे. त्याच्या ओट्यावर."

पाहुणे निघतात. ते पलीकडच्या दारात पोचले की अनंता करवंट्या विसळायचा थांबतो आणि कान देऊन उभा राहतो. भास्कर आपलं नाव घेतो की नाही, आणि घेतलं तर पुरेसं मोठ्याने घेतो की नाही, ते ऐकायला.