पेटीत राहिलेला महिना

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य कोणतं, राजा कोण, ते विचारू नका. एक गाव होतं आणि त्या गावात दोन विद्वान होते, एवढं पुरे.

एक होता गणिती. चंद्रसूर्याची चाल मोजून तो वर्षाचे दिवस मांडी. दुसरा धर्मशास्त्री. कोणत्या दिवशी कोणता सण, हे तो सांगे. वर्षाच्या पहिल्या दिवशी शास्त्री मानाची सुपारी पाठवी, गणिती वर्षाचं ताडपत्र त्याच्या हाती देई, आणि शास्त्री ते देवळात वाचून दाखवी.

शिवाय एक म्हातारी होती. तिला विद्वान कुणी म्हणत नसे. सगळ्या गावाचं बियाणं तिच्या कणगीत असे. कणगीचं तोंड ती मातीने लिंपी आणि ओल्या मातीवर आपला पंजा उमटवी. बीजपूजनाच्या दिवशी ते लिंपण फोडायचं आणि त्याच दिवशी पेरणी करायची, असा गावाचा नेम होता. चाळीस वर्षांत तिच्या हातून एक दाणा किडला नव्हता.

एकदा राजाने सभेत सहज विचारलं, "सगळ्या शास्त्रांत थोरलं कोणतं?"

झालं! शास्त्री म्हणाला, "धर्मच थोरला. गणित म्हणजे नुसतं बोटं मोजणं."

गणिती म्हणाला, "मी बोटं मोजली नाहीत, तर तुमचे देव जेवणार कोणत्या दिवशी?"

सभा हसली. त्या दिवसापासून दोघांची तोंडं दोन दिशांना झाली.

नवं वर्ष उजाडलं. शास्त्र्याने सुपारी पाठवली नाही, गणित्याने ताडपत्राचं पान दिलं नाही. ते पान त्याच्या पेटीत होतं आणि त्यात एक महिना अधिक धरलेला होता. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडे पडतात. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एक महिना वाढवावा लागतो. नाही वाढवला, तर सण आधी येतात आणि पाऊस मागे राहतो. हे गणित्याला पक्कं ठाऊक होतं. "येतील नाक घासत," असं म्हणून त्याने पेटीला कडी घातली. शास्त्र्याने मागच्या वर्षाचंच पान वाचून वेळ मारून नेली.

बीजपूजन जवळ आलं, तशी म्हातारी गणित्याच्या दारी आली.

"बुवा, औंदा सण लवकर आला बघा. बहाव्याला अजून कळी न्हाई, अन् बहावा फुलल्याबिगर पाऊस येत न्हाई. काही चुकलंय का?"

उत्तर गणित्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. "सणाचं शास्त्रीबुवांना विचारा, आजी. आम्ही आपले बोटं मोजणारे."

ती शास्त्र्याकडे गेली. त्याच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. पण आता विचारायला जायचं म्हणजे केवढा कमीपणा! "झाडाच्या कळीवर धर्म चालत नाही, आजी," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी म्हातारीने लिंपण फोडलं. गावाने पेरणी केली. वळवाची एक सर पडली, कोंभ वर आले आणि आठ दिवसांच्या उन्हात करपून गेले. उरलेलं पाखरांनी टिपलं. कणगी रिकामी, शेतंही रिकामी.

गावाला कुणीतरी दोषी हवं होतं. "बियाणंच कुजकं होतं. म्हातारीची नजर गेली," लोक म्हणाले, आणि त्यांनी कणगी तिच्याकडून काढून घेतली.

"माझंच चुकलं असंल, बाबांनो," ती हात जोडून म्हणाली.

दोघे विद्वान त्याच गर्दीत उभे होते. एकानेही तोंड उघडलं नाही. मला हे सांगतानासुद्धा लाज वाटते.

महिन्याने पाऊस आला, अगदी पानात बीजपूजन मांडलं होतं तेव्हा. आपलं गणित बरोबर आलं म्हणून गणिती आधी सुखावला. मग त्याने बाहेर पाहिलं. जमीन भिजली होती, बैल दावणीला होते आणि माणसं रिकाम्या हातांनी बांधावर बसली होती. त्याला घरात थांबवेना. पान घेऊन तो शास्त्र्याकडे निघाला, तर शास्त्री वाटेतच भेटला. त्याच्या हातात सुपारी होती.

दोघे मिळून म्हातारीच्या झोपडीत गेले.

"आजी, बियाणं चांगलं होतं. दिवस चुकला," गणिती म्हणाला. "आणि मला ते ठाऊक होतं."

"मला शंका होती. मी विचारलं नाही," शास्त्री म्हणाला.

म्हातारीने त्या पानाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. "ठाऊक व्हतं? मग मी दारात आले तवा का न्हाई बोललात, बुवा?"



दोघांनी चावडीवर सगळं कबूल केलं. मग झोळ्या घेऊन ते गावोगाव बियाणं मागत हिंडले. "तुमच्याकडे एवढे विद्वान, आणि बियाणं कसं गेलं?" असं जो तो विचारी, आणि प्रत्येक दारात त्यांना ते सांगावं लागे. थोडे हुलगे मिळाले, थोडी वरई. ते पेरून जे पिकलं, त्यातलं बियाण्यापुरतं राखून गावाने वर्षभर तेच खाल्लं, तेही अर्धपोटी.

पुढच्या वर्षी सुपारी वेळेवर गेली, पान वेळेवर आलं. पण बीजपूजन जवळ आल्यावर त्याचा दिवस वाचण्याआधी दोघे म्हातारीला घेऊन बहाव्याखाली गेले. तिने फांद्यांवरच्या कळ्या निरखल्या आणि ती म्हणाली, "आता वाचा."

कणगीवर पुन्हा तिचाच पंजा उमटू लागला. मात्र दरवर्षी ते लिंपण फुटताना गणिती आणि शास्त्री दोघांच्याही माना खाली असत.

तात्पर्य: एका विद्येने दुसरीला विचारण्यात कमीपणा नाही, ठाऊक असून गप्प बसण्यात आहे.