मालगुजाराची कंबर

बळवंतराव मालगुजारांना दोन गोष्टींचा फार तोरा, आपल्या शब्दाचा आणि आपल्या उंचीचा. एकदा तलावाच्या पाळीवर साऱ्या गावासमोर त्यांनी शब्द दिला, "उसाला पाणी हवं. उद्या तलावाची मोरी उघडतो. माझ्या कमरेइतकं पाणी राहिलं की बंद. तुमच्या मासोळ्यांना तेवढं रग्गड झालं!"

तलावात मासे धरून जगणाऱ्या ढिवरांनी कपाळाला हात लावला. एवढंच पाणी ठेवलं तर उन्हाळ्यात उरणार नुसता चिखल, आणि चिखलात जाळं टाकून पोट भरत नाही. म्हातारी पुनाबाई मात्र जाळं विणता विणता गोड हसली.

"मालकाचा शब्द म्हंजे शब्द. पन मापाले कंबर मालकाचीच लागन. आमी सारे बुटके. आमची लावली तं तुमच्या शब्दाले बट्टा लागन नं!"

"अर्थात माझीच!" मालगुजार फुगले. सकाळी मोरी उघडली आणि ते मिशा सावरत मोरीपाशी गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले.

आता तलाव म्हणजे काही लोटा नव्हे. तासाभरात पाणी कसंबसं बोटभर उतरलं. पाय गाळात रुतले, पोटऱ्यांना जळवा लागल्या, पाळीवर बायका तोंडात पदर कोंबून उभ्या. दुपारी मालगुजार बोंबलत काठावर आले.

"मोरी बंद करा रे!" पुनाबाईनं हाळी दिली.

"थांबा! पाणी अजून माझ्या छातीला आहे!"

"कोनाच्या छातीले, मालक?" पुनाबाईनं तलावाकडे बोट दाखवलं. "आत तं कोनीच नाही. तुमची कंबर इथं काठावर, तिले पानी लागतच नाही. मोजाचं असन तं उतरा परत."

मालगुजार जळवा ओढत घराकडे निघाले आणि मागे ढिवरांनी मोरी बंद केली.