गडावरचा उकिरडा

एका डोंगरी गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार होता. तलवारीला पक्का, पण स्वच्छतेच्या बाबतीत पुरता वेडा! अंगणात एक पान गळले की त्याच्या कपाळाला आठी पडलीच. गडावरचा पाचोळा आणि तबेल्यातले शेण रोज कड्यावरून खाली लोटले जाई.

गड लखलखीत झाला. अंबारखान्यात, म्हणजे गडाच्या धान्यकोठारात, मात्र उंदरांचा सुळसुळाट झाला. इकडे गडाला वेढा पडायची चिन्हे दिसत होती. धान्य संपले तर गड गेलाच म्हणून समजा.

हैबतरावाने उंदीर खाणाऱ्या धामिणी पकडून आणवल्या. त्यांना अंडी घालायला घडीव दगडाचा कोनाडा बांधला. आत मखमल अंथरली, शेजारी दुधाची वाटीही ठेवली! धामिणींनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. एकेक करून त्या पसार झाल्या.

शेवटची धामीण अंड्यांनी जड झाली होती. "बघू तरी, बाईसाहेबांना कोणता महाल हवाय तो!" असे म्हणत हैबतराव तिच्या मागोमाग निघाला. ती गड उतरली आणि कड्याच्या पायथ्याशी साचलेल्या उकिरड्यात शिरली. गडावरूनच लोटलेला उकिरडा तो! ती निघून गेल्यावर हैबतरावाने नाक दाबून आत हात घातला. आत छान ऊब होती, आणि त्या उबेत अंडी सुखरूप होती.

हैबतरावाने मान वर करून गडाकडे पाहिले. उकिरड्याबरोबर गडाचे हे राखणदारही त्याने स्वतःच झाडून टाकले होते.

अंडी नीट झाकून त्याने बाजूचा कुजका पाचोळा पाटीत भरला आणि पाटी डोक्यावर घेतली. हवालदार तुकोजी धावत आला.

"धनी, हे काय? लोक हसतील की!"

"हसू देत. झाडायचा हुकूम माझा होता, आता वाहायचं कामही माझंच."

मग कोण हसतो? सगळा गड पाट्या घेऊन खाली उतरला.

अंबारखान्यामागे उकिरडा उभा राहिला. धामिणी आल्या, पिल्ले वाढली, उंदीर सरले. पुढे वेढा पडलाच. गडावरचे धान्य संपेल म्हणून शत्रू वाट बघत बसला, आणि शेवटी त्याचेच धान्य संपले! तो तंबू गुंडाळून मुकाट्याने निघाला, तेव्हा गडावर नगारे दणाणले.

अंबारखान्याच्या दारात धामिणीची कात पडली होती. झाडूवाला पुढे सरसावला.

"राहू दे ती," हैबतराव म्हणाला. "आपल्या विजयाचं निशाण आहे ते!"

तात्पर्य: दुसऱ्याला आसरा देताना आपली हौस नव्हे, त्याची गरज पाहावी, आणि चूक कळली की ती स्वतःच्या हाताने निस्तरायला लाजू नये.