साळूची वाटी

खाडीवर पूल नव्हता आणि बांगड्याही होडीतून गावात यायच्या, तेव्हाची ही गोष्ट. खारवली गावात त्या घेऊन यायची साळू कासारीण.

असं म्हणतात की साळू बायकांना तोंडावरून नाही, हातावरून ओळखायची. हात हातात घेतला की आधी अंगठ्याचं नख दाबायची. दाबलं की नख पांढरं, सोडलं की लाल. लाली परतली की मगच बांगडी चढवायची.

त्या गावची एक रीत होती. नव्या सुनेनं गौरीपुढे सूप ओवाळायचं, त्याला ओवसा म्हणतात. तो होईपर्यंत तिनं मासळीला शिवायचं नाही. शिवली तर नवऱ्याची होडी परत येत नाही. पण ओवसा व्हायचा तर गौर पूर्वा नक्षत्रावर यायला हवी. नाही आली, तर बसा पुढच्या भादव्याची वाट बघत.

तानीआयची सून येसू अशीच वाट बघत राहिली. एक भादवा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. खाऱ्या जमिनीत गवत नाही, तर दूध कुठलं? येसू पेज प्यायची, मीठभात खायची, आणि सगळ्यांच्या मागून जेवायची म्हणून तोही बेताचाच. हळूहळू ती पिवळी पडली. जीभ गुळगुळीत लाल झाली, तिला मीठही झोंबू लागलं. पायांना अशा मुंग्या यायच्या की पायाखालची जमीन कळेना. विहिरीवरून येताना ती तीनदा बसायची. गाव म्हणालं, बाधा झाली. गुरवानं नारळ फोडले. खोबरं गावानं खाल्लं.

पुढच्या भादव्याच्या तोंडावर साळू आली. गौर याही वर्षी पूर्वा नक्षत्रावर येत नव्हती. साळूनं येसूचं नख दाबलं, सोडलं. ते पांढरंच राहिलं. हातातल्या जुन्या बांगड्या मनगटावरून आपोआप गळून पडल्या.

"तानीआय, पोरीला खायला काय घालतेस?"

"सगळं घालते गो. मासळी सोडून."

"गौरीला नैवेद्य कसला?"

"खाडीतल्या खेकड्यांचा, चिंबोऱ्यांचा."

"म्हणजे देवी चिंबोऱ्या खाणार, आणि तिची वाट बघणारी मीठ चाटणार. बरी आहे गो तुमची देवी."

तानीआयनं डोळ्याला पदर लावला. "माझा लेक बाबल्या होडीवर आहे, साळू. एकीचा हात धरते तर दुसऱ्याचा सुटतो."

येसू म्हणाली, "मला नको काकी. ते येऊ देत आधी."

साळूनं आपल्या हातातल्या बांगड्या काढून तानीआयच्या ओटीत घातल्या. "होडी आली नाही तर या फोड. पाप माझं. जन्मात बांगडीला हात लावायची नाही."

आणि ती ओहोटीच्या चिखलात उतरली. असं म्हणतात की तिला उकरावं लागलंच नाही. तिसऱ्यांचे शिंपले आपणहून वर आले आणि तिच्या ओच्यात शिरले. तिनं त्यांचं कालवण रांधलं, पण येसूनं ओठ मिटले ते मिटलेच. शेवटी तानीआयनंच वाटी हातात घेतली.

"खा गो. समुद्राशी काय बोलायचं ते मी बोलेन."

होडी काही लगेच आली नाही. तानीआय रोज काठावर जायची, समुद्राशी बोलायची, आणि घरी येऊन वाटी भरायची. साळू परगावी गेलीच नाही. गौरी विसर्जनाच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं. होडी मासळीनं इतकी भरली होती की पाणी तिच्या काठाला टेकलं होतं. येसू धावली नाही, पण न बसता काठापर्यंत चालत गेली, आणि तिला पायाच्या बोटांत शिरणारा गार चिखल कळला.

साळूनं तिथेच तिचं नख दाबलं. लाली परत आली, तेव्हाच तिनं येसूला हिरवा चुडा भरला, आणि असं म्हणतात की ती लाली तिथे थांबली नाही. नखातून मनगटापर्यंत गेली, आणि नव्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी लाल झाली.

साळू कधी गेली, कुणी पाहिलं नाही. ओहोटीला चिखलात किणकिण ऐकू येते, ती तिचीच म्हणतात.

आजही खारवलीत नवी सून आली की तिच्या हिरव्या चुड्यात एक बांगडी लाल असते. उंबऱ्याशीच सासू तिला तिसऱ्यांच्या कालवणाची वाटी देते. त्या वाटीला साळूची वाटी म्हणतात. मग सासू सुनेचं नख दाबते. पंगत वाढलेली असते, भाताची वाफ निवत असते, सासरे खाकरत असतात. पण त्या नखात लाली परत येईपर्यंत घरातलं कुणीही पहिला घास घेत नाही.