ओल्या पंचाची परीक्षा

सोनवडीच्या जहागीरदारांनी फर्मान काढलं: चेहऱ्याचं व्यंग झाकणं ही फसवणूक, झाकेल त्याला हद्दपारी. पहिलीच सापडली द्वारका. देवीचे व्रण ती हळद-चंदनाच्या लेपाखाली झाकायची.

“पूस ते,” भर कचेरीत जहागीरदारांनी ओला पंचा पुढे केला.

द्वारका पंचा घ्यायला पुढे झाली. तेवढ्यात तिला त्यांच्या काळ्याकुळकुळीत मिशीवरून ओघळणारं काजळ दिसलं.

“पुसते, सरकार. पण आधी पंचा आपल्या मिशीवरून फिरवा. तो पांढराच राहिला, तर मी पुसते.”

जहागीरदारांनी पंचा मांडीखाली सारला, खो खो हसले आणि फर्मान मागं घेतलं. ती निघाली तसं त्यांनी हळूच विचारलं, “ओघळू नये म्हणून काय करावं गं?”

“काजळात एरंडेल कमी घाला, सरकार.”