येसूची काळी रेघ

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या कातळवेळी गावाला अजून होड्यांचा धक्कासुद्धा नव्हता तेव्हा, येसू चितारीण नावाची बाई होती. भल्या सकाळी ती सड्यावर, समुद्राकडच्या उंच कातळमाळावर, जाऊन बसायची आणि जुन्या शिडाच्या कापडावर समोरचा समुद्र काढायची. गेरू, चुना, नीळ आणि कोळसा, एवढेच तिचे रंग. ऊन असो, वारा असो, बाई जागची हलायची नाही. ढग आला की चुना फासून पुन्हा पहिल्यापासून काढायची. लोक चेष्टा करायचे, की समुद्र काय तुझ्यासाठी थांबणार आहे? ती म्हणायची, थांबत नाही म्हणून तर रोज यावं लागतं.

आता गंमत बघा. सकाळी ती जसा समुद्र काढायची, तसाच तो दुपारी व्हायचा, असं म्हणतात. खरं तर तिची नजर तयार होती, पुढचं आभाळ तिला आधी कळायचं. पण लोकांनी उलटंच धरलं. त्यांना वाटलं, येसू काढते म्हणून समुद्र तसा होतो!

तिथेच घोटाळा झाला. नारळी पौर्णिमेला तिचा भाऊ धाकू, जो सगळ्या होड्यांचा तांडेल होता, खण-नारळ घेऊन सड्यावर आला. दोन महिने होड्या बंद होत्या, घरोघरी पेजेवर दिवस चालले होते. वर ऊन लख्ख पडलेलं, पण येसूने नैर्ऋत्येला काळी रेघ ओढायला कोळसा उचलला होता. धाकूने तिचा हात धरला.

"येसू, आज काळं नको गो. शांत दर्या काढ. पोरं उपाशी आहेत."

भावाचं उतरलेलं तोंड तिने बघितलं. तिने कोळसा खाली ठेवला आणि सगळा समुद्र निळाशार काढला. तो बघून सात होड्या निघाल्या, धाकूची सगळ्यांत पुढे.

दुपारी असं वादळ उठलं म्हणता, की माड जमिनीला टेकले. येसूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने निळं कापड उलटं केलं आणि भर पावसात खरा समुद्र काढायला बसली, काळाकुट्ट, आणि त्यात एक होडी. पावसाने ती धुतली. तिने पुन्हा काढली. जी होडी कापडावर टिकली ती खाडीत शिरली, असं म्हणतात. अशा सहा आल्या. धाकूची राहिली, आणि रंग संपले. मग तिने पायाखालची तांबडी माती उचलली आणि बोटांनीच भावाची होडी काढली. पाच वेळा धुतली, पाच वेळा काढली. शेवटी म्हणे वाराच दमला.

तिन्हीसांजेला धाकू सड्यावर चढून आला आणि तिच्यासमोर मटकन बसला.

"दादा," येसू म्हणाली, "यापुढे दिसेल तेच काढीन. तू रुसलास तरी."

आजही आमच्याकडे नारळ सोडण्याआधी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई सड्यावर जाते आणि दिसतो तसा समुद्र कापडावर काढते. कोणता रंग घे, हे तिला सांगायची कुणाची टाप नाही. काळी रेघ आली की होड्या वाळूवरच. परवाच्या वर्षी मथुआजीने ती ओढली. आभाळ स्वच्छ होतं. पोरं मनातल्या मनात चरफडली, पण दोर कुणी सोडला नाही. वादळ काही आलं नाही, साधी झुळूकसुद्धा नाही. गाव दिवसभर घरी बसलं, नारळीभात जेवलं, आणि मथुआजीला कुणी एका शब्दाने बोललं नाही.