हिरव्या नोटेची सात वर्षं

फार जुनी गोष्ट नाही. शंभराची नोट हिरवट होती ती जांभळी झाली, तेव्हाची. फुलवाल्या गौराबाईंच्या डब्यातली एक हिरवी नोट भलतीच तोऱ्यात आली. “आता आम्ही दुर्मिळ. लोक आम्हाला भिंगातून बघणार,” असं जांभळ्या नोटांना ऐकवून ती डब्याच्या तळाशी, कागदाखाली जाऊन बसली.

सात वर्षांनी डबा घासायला काढला तेव्हा ती गौराबाईंच्या हाती लागली. जुन्या नोटांना हजारो मिळतात, हे त्यांनीही ऐकलं होतं. सुरकुत्या जाव्यात म्हणून त्यांनी नोटेवर इस्त्री फिरवली आणि नोटा जमवणाऱ्या दबीरांचं घर गाठलं.

भिंग लावलं न लावलं तोच दबीर म्हणाले, “बाई, अशा ढिगानं आहेत. त्यात इस्त्री केलेली तर संग्रहाला कुणी फुकटसुद्धा घेत नाही. वाण्याकडे चालवून टाका.”

वाण्याच्या गल्ल्यात एका जांभळ्या नोटेनं विचारलं, “आजी, इतकी वर्षं कुठे होतात?”

“मोल वाढवत होते,” हिरवी म्हणाली. “लपले तेव्हा माझ्यात किलोभर तूरडाळ येऊन वर कोथिंबिरीची जुडी यायची.”

“आणि आज?”

हिरवीनं गौराबाईंच्या हातातल्या डाळीच्या पिशवीकडे पाहिलं.

“पाऊण किलो. तेही इस्त्री करून.”